वेंगुर्ल्याहून आले, ऐका

हो हो, कालच आले, वैनी. रात्री उशीर झाला म्हणून हाक नाही मारली. तुमच्या हॉलमधला दिवा दिसत होता, पण मालिका चालू असणार, कशाला तुम्हाला उठवा. ती फुलांची परडी भिंतीवर ठेवा जरा आणि ही पिशवी धरा. आमसुलं आहेत, काजूगर आहेत, आणि वरच्या पुडीत खाजा आहे. तो आधी डब्यात टाका, गुळाला हवा लागली की चिकट होतो. मासे? आणले तर! बर्फात घालून आणले. पण ते तुम्हाला देऊन काय करू? तुमच्याकडे सुरमई आणि पापलेट सोडून तिसरा मासा कुणाच्या ओळखीचा नाही. मी आणलेत पेडवे. बघितलेत तर म्हणाल, हे काय बाई, एवढंसं, आणि काटेच काटे. संध्याकाळी तिखलं करणार आहे, तिरफळ घालून. वास आला तर खिडकी लावू नका, वाटी घेऊन या.

माहेर कसं आहे म्हणताय? अहो, माहेर म्हणायला आता तिथे आहे कोण? आई गेली, बाबा गेले. अर्धं घर कुलपात, उरलेल्या अर्ध्यात काकी. ऐंशीच्या पुढची आणि एकटी. पण आवाज असा, की मी बेड्यातून आत पाऊल टाकते न टाकते तोच परसातनं ओरडली, "कोण गो ता? बेडा लाव आधी, ढोरा येतत!" इतक्या काळानं पुतणी दारात उभी, आणि स्वागत हे. मग जवळ आली, चष्मा वर केला, मला न्याहाळलं आणि म्हणाली, "बारीक झालंस." वैनी, मी बारीक झालेय असं म्हणणारं माणूस या पृथ्वीवर आता एकच उरलंय, म्हणून तरी जायला हवं दरवर्षी.

रस्त्याचं विचाराल तर काही लांब नाही. आपल्या इथून हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, मग आंबोली, घाट उतरून दाणोली, सावंतवाडी, आणि पुढे होडावडा, तुळस करत वेंगुर्ला. जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तुम्ही इतकी वर्षं बेळगावात राहता, वेंगुर्ला रोडवरून रोज भाजी आणता, आणि त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कधी गेला नाहीत. कमाल आहे बाई तुमची. अहो, बेळगावचं बंदर होतं ते! इंग्रजांच्या वेळी इथल्या छावणीचं सामान वेंगुर्ल्याला उतरायचं आणि बैलगाड्यांनी घाट चढून इथवर यायचं. धारवाड-हुबळीकडचा कापूस त्याच वाटेनं खाली जायचा. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली होती. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत, आत झाडं उगवलीत. आम्ही शाळेतून पळून तिथे चिंचा खायला जायचो. ऐतिहासिक वास्तू वगैरे आम्हाला कोण सांगणार? आमच्या लेखी ती भुताची जागा.

मग 1880च्या दशकात मुरगावला रेल्वे आली आणि सगळा व्यापार गोव्याच्या बंदराकडे वळला. वेंगुर्ल्याचं दुकान तेव्हाच अर्धं मिटलं. पुढे शंभर वर्षांनी कोकण रेल्वे आली, 26 जानेवारी 1998ला पूर्ण मार्ग सुरू झाला, तीही गावाला चुकवूनच गेली. कुडाळला नाहीतर सावंतवाडीला उतरा आणि रिक्षा करा. आमच्या गावच्या लोकांना याचं भारी दुःख. मला विचाराल तर बरं झालं. रेल्वे दाराशी आली असती तर गोव्यात झालं ते तिथेही झालं असतं. पण हे मी इथे भिंतीला टेकून बोलते. तिथे ज्यांना रात्री पेशंटला घेऊन निघायचं असतं त्यांच्यासमोर बोलायची माझी छाती नाही.

विमानतळ? हो, तोही झाला की, चिपीला, आमच्याच तालुक्यात. 9 ऑक्टोबर 2021ला उद्घाटन झालं. माझ्या चुलतभावानं मुंबईहून मोठ्या ऐटीत तिकीट काढलं होतं, ऐन वेळी विमान रद्द. शेवटी एसटीनं आला. काकी म्हणाली, "बरा झाला. एसटीत निदान जेवक थांबवतत."

आमच्या लहानपणी आगबोट होती, वैनी. मुंबईहून निघायची, वाटेत एकेक बंदर घेत दक्षिणेला यायची. आता तुम्हाला वाटेल, बोट आली, धक्क्याला लागली, माणसं उतरली. कुठलं काय! बोट आपली बाहेर खोल पाण्यात भोंगा वाजवत उभी. तिथून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं होडीत उतरवायचं. बोट वर-खाली, होडी वर-खाली, आणि दोन्ही एका पातळीला आल्या की खलाशी माणसाला उचलून टाकायचा. माझी एक मामी नऊवारीत, डोळे मिटून, वेतोबाचं नाव घेत उडी मारायची. पावसाळा लागला की बोट बंद. मग चार महिने मुंबईचं माणूस मुंबईत आणि आम्ही इथे.

आता त्या बंदरावर गेलात तर ओळखणार नाही. खाडीवर नवाबागेकडे जायला झुलता पूल झालाय. संध्याकाळी त्यावर एवढी गर्दी, की पूल झुलतो तो वाऱ्यानं की सेल्फीवाल्यांनी, कळत नाही. माझा भाऊ तिथे उभा राहून उसासे टाकत होता, "काय शांत होतं गं सगळं!" शांत होतं, खरंय. त्याच शांततेला कंटाळून हा पठ्ठ्या अकरावीत मुंबईला पळाला होता. मी काही बोलले नाही. मला तो पूल आवडला. पूर्वी पलीकडच्या बायकांना माशाची टोपली घेऊन होडीची वाट बघावी लागायची. आता चालत येतात.

पण खरी मजा रात्री झाली. आम्ही सगळे जेवून ओट्यावर बसलेलो. भाऊ, चुलतभाऊ, त्याची बायको. आणि चालू झालं आपलं नेहमीचं. पूर्वी असं होतं, पूर्वी तसं होतं. पूर्वी वाळू किती पांढरी, पूर्वी बांगडे किती मोठे, पूर्वी माणसं किती प्रेमळ. काकी दाराशी बसून आमसुलं निवडत होती. बराच वेळ गप्प. मग सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुमी येतास, फोटो काढतास, पयला तसा रवला नाय म्हणतास नि जातास. पावसात कौला कोण परतता? मी. लाईट गेली तर कंदील कोण पेटयता? मी. हय रवलंय ती मी. माका तर पयल्यापेक्षा आता बरा वाटता. नळाक पाणी येता, ग्यास असा, नि रात्री-अपरात्री फोन करूक येता." आणि परत आमसुलं निवडायला लागली. भाऊ एकदम उठून मोबाइलची रेंज बघायला बाहेर गेला.

वैनी, तिचं काय चुकलं सांगा. तौक्ते वादळ आलं ना, मे 2021मध्ये, तेव्हा आम्ही सगळे आपापल्या शहरात टीव्हीसमोर. इकडे परसातले माड आडवे, वीज गेलेली, फोन मुके. तिचं कसं चाललंय हे कळायलाच आम्हाला कितीतरी दिवस लागले. वाडीतल्या पोरांनी येऊन छपरावरचा माड कापून काढला. त्या पोरांपैकी एकालाही मी नावानं ओळखत नाही. आणि सातबाऱ्यावर मात्र नाव माझं.

हां, सातबाऱ्याची गोष्ट तर राहिलीच. हळू बोलते, तुमच्या सासूबाई ऐकत असतील. आमच्या घराच्या आणि बागायतीच्या उताऱ्यावर किती नावं आहेत ते मी मोजायचं सोडून दिलंय. पणजोबांच्या सगळ्या मुलांची, त्यांच्या मुलांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची, त्यातल्या निम्म्या वारलेल्या, त्यांच्या वारसांची. एक कॅनडात, एक दुबईत, एकाशी दोन पिढ्या बोलणं नाही. माडीचे वासे कुजलेत, ते बदलायचे म्हटलं तरी कुणीतरी विचारतं, "म्हणजे तुम्ही ताबा दाखवणार का?" मग कुणीच काही करत नाही आणि वाळवी तेवढी सगळ्यांच्या वतीनं काम करते. कोकणातली कुलूपबंद घरं बघून तुम्हाला वाटतं ना, किती ही माया तोडून गेली माणसं? निम्म्या कुलपांच्या मागे माया नसतेच, वाटणीचा दावा असतो.

आणि आता जमिनीला भाव आलाय. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा आमच्याकडे लोक हसले होते. आता कुणी हसत नाही. चुलतभावाच्या बायकोला फोन येतात रोज. कुणीतरी एक दलाल, पांढरी गाडी, हातात दोन फोन, आमच्या खळ्यात उभा राहून सांगत होता, "मॅडम, सी-व्ह्यू आहे, सी-व्ह्यूला पैसे असतात." काकी आतून म्हणाली, "दर्यो बघूक पैशे कित्याक? भायर येवन बघ नि जा." तो बिचारा खरंच बाहेर जाऊन बघून आला. चुलतभाऊ मात्र विकायच्या बाजूनं आहे, हे मला त्याच्या चहा पिण्यावरून कळलं. उगाच गोडगोड. बहिणीला आवडतं म्हणून शहाळं काढून आणलं स्वतः जाऊन. लग्नाला तीस वर्षं झाली त्याच्या, कधी पाण्याचा तांब्या दिला नाही कुणाला.

शहाळं काढून आणलं म्हणजे काय, स्वतः चढला नाही हो. पाडेली बोलावला. आणि पाडेली म्हणजे आता मंत्र्याची वेळ घेण्यासारखं आहे. माडावर चढणारी माणसं उरली नाहीत. जुने थकले, त्यांची पोरं शिकून नोकरीला गेली, आणि का जाऊ नयेत? साठ फुटांवरून पडला तर कोण बघणार त्याला? आता चढायचं यंत्र मिळतं, काही तरुण मुलं ते घेऊन फिरतात, माडामागे पैसे घेतात. तरी नारळ वेळेवर उतरत नाहीत. खाली झोपायची सोय नाही, डोक्यात पडायचा.

बाजाराचं सांगते. आमच्याकडेही क्रॉफर्ड मार्केट आहे, हसू नका, खरंच नाव आहे ते. आणि मासळी बाजाराची नवी इमारत झालीय. स्वच्छ फरशी, पाणी. पण बसलेल्या बायका त्याच. मी मोठ्या तोऱ्यात गेले, आपलंच गाव म्हणून भाव करायला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, चपलांकडे बघितलं, आणि बांगड्याचा वाटा पुढे सरकवून म्हणाली, "ताई, आपको कितना देना है?" वैनी, हिंदीत! मला! मी आपली मालवणीत सुरू झाले, अमक्याची चेडू, तमक्याची नात, मिशनच्या दवाखान्यामागचं घर. ती म्हणाली, "मगे आधी नाय सांगूचा?" आणि भाव एक रुपया कमी केला नाही. वर दोन पेडवे मात्र जास्त टाकले. मी पुढे काही घासाघीस केली नाही.

माशांचं दुखणं मोठं आहे तिकडे. आमच्या वेळी रापण ओढायचे किनाऱ्यावर. तुम्ही बघितली नसेल. होडीतून जाळं लांबवर समुद्रात टाकत अर्धवर्तुळ करून यायचं, दोन्ही टोकं काठावर, आणि मग दोन रांगा ते ओढायला लागायच्या. तास-तास चालायचं. जो दोरीला हात लावेल त्याला वाटा, मग तो गावाला आलेला पाहुणा असो नाहीतर शाळेतलं पोर. आमच्या ओंजळीत पण मासे पडायचे. रापण आजही ओढतात, आम्ही गेलो तेव्हा एक दिवस दिसली. पण जाळ्यात काय आलं? थोडी सुंगटं, थोडी चिंगळं, प्लास्टिक. बाहेर मोठ्या पर्ससीन बोटी थवाच्या थवा घेरून उचलतात, किनाऱ्यापर्यंत येतोय काय? 2016 साली सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, प्रखर दिवे लावून मासे ओढायला तर बंदीच आहे. तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात असं वाडीतला प्रत्येक जण सांगतो. दरवर्षी आंदोलन, दरवर्षी बोटी अडवणं. जून आणि जुलै मासेमारी बंद असते, त्यात मासा वाढतो, आणि ऑगस्टमध्ये तो कुणाच्या जाळ्यात जातो यावर भांडण. यात काकी कुणाच्या बाजूनं हे विचारायला नको. तिचे वडील रापणीचे.

पण सगळं रडगाणंच नाही हं. एक गोष्ट बघून माझी छाती फुगली. मांडवी खाडीत बायकांचा बचत गट होडी चालवतो. स्वामिनी नाव त्यांचं. घरी मासे विकणाऱ्या, जाळी विणणाऱ्या बायका, आणि आता लाइफ जॅकेट घालून वल्हं हातात. पर्यटकाला बसवतात, खारफुटीतून फिरवतात आणि झाडं ओळखायला शिकवतात. हा तिवर, हा कांदळ, ही चिप्पी, ही काटेरी मारांडी. कुठल्या मुळ्या श्वास घ्यायला वर येतात, कुठे खेकडे राहतात, कुठला खंड्या कुठल्या फांदीवर बसतो. मी त्या खाडीकाठी वाढले, वैनी, पण आमच्या लेखी ती सगळी नुसती चिखलातली झुडपं. कुणी जळणाला तोडायचं, कुणी गुरांना पाला. आता त्याच झुडपांवर त्यांच्या पोरांची फी भरली जाते. भावाला म्हटलं, बस होडीत. बसला. एका बाईनं वल्हं मारत त्याला विचारलं, "तुम्ही मूळचे खयचे?" तो म्हणाला, "इथलाच." ती म्हणाली, "कधी बगूक नाय." यावर त्याला काही सुचलं नाही.

आणि कचरा! आमच्याकडे लोक कचरा डेपो बघायला येतात, सांगा आता. 2015-16च्या सुमाराला नगर परिषदेनं, रामदास कोकरे म्हणून मुख्याधिकारी होते तेव्हा, घरोघरचा कचरा वेगवेगळा करून घ्यायला सुरुवात केली. ओला वेगळा, काच वेगळी, प्लास्टिक वेगळं. प्लास्टिकचा चुरा करून डांबरात घातला, रस्ते केले. जिथे पूर्वी नाक दाबून जायचो तिथे बाग आहे. आपल्या इथली घंटागाडी बघितली की मला रडायला येतं. काकीनं मला दोनदा झापलं, बिस्किटाचा कागद चुकीच्या बादलीत टाकला म्हणून.

तुमचा मुलगा न्यू जर्सीला आहे ना? त्याला एक सांगा. तिथलं ते प्रिन्स्टन विद्यापीठ, 1957पासून पंधरा वर्षं त्याचे अध्यक्ष होते रॉबर्ट गोहीन. ते जन्मले कुठे? वेंगुर्ल्यात! 1919 साली, आणि तारीख पण 15 ऑगस्ट. वडील अमेरिकन मिशनचे डॉक्टर होते आमच्याकडे. पुढे हेच गोहीन भारतात अमेरिकेचे राजदूत म्हणून आले. माझी आजी त्या डॉक्टरसाहेबांच्या गोष्टी सांगायची. मंगेश पाडगावकर पण वेंगुर्ल्यातच जन्मले, 1929मध्ये. आणि तुमचे आवडते खांडेकर 1920 ते 1938 आमच्या शेजारच्या शिरोड्यात शाळामास्तर. तुम्ही ‘ययाति’ वाचून डोळे पुसता, पण शिरोडं कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. त्याच शिरोड्यात 1930चा मिठाचा सत्याग्रह झाला. आमच्या गावाची माणसं मोठेपणा मिरवत नाहीत, म्हणून तुम्हाला कळत नाही. मी मिरवते, काय करणार.

आरवलीला पण जाऊन आलो. वेतोबाला. नवसाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला वाहतात तिथे. केवढ्या चपला! माणसाच्या पायाच्या नव्हेत, देवाच्या मापाच्या. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा. चुलतभावानं यंदा घड बोलला होता. कशासाठी, विचारा. जमिनीचा व्यवहार सुरळीत व्हावा म्हणून! देवळातून बाहेर आल्यावर काकी म्हणाली, "वेतोबा गाव राखता, इकता नाय." तिथेच, सगळ्यांसमोर. त्याची बायको लगेच फुलवाल्याशी बोलायला लागली.

झोपायच्या आधी काकी मागच्या दारी जाऊन समुद्राकडे बघते. बाहेर खडकांवर दीपगृह आहे, वेंगुर्ला रॉक्सचं. त्या बेटांवर गुहेत पाकोळ्या राहतात, लाळेनं घरटी बांधणाऱ्या. परदेशात त्याचं सूप करतात म्हणे, भाव प्रचंड, त्यामुळे चोरटे रात्री होड्या घेऊन जायचे घरटी काढायला. काकीनं ऐकलं तेव्हा म्हणाली होती, "थुकेचा सूप? आणि आमचे पेडवे नको तेंका!"

बरं, तुमची शिट्टी झाली वाटतं. चौथी? मग कुकर बंद करा आणि परत या. माझं राहिलंय अजून.

आलात? काजूचं सांगायचं राहिलं. त्या पिशवीत आहेत ते आमच्याच झाडाचे. वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र आहे, काजूच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती तिथल्याच. सिंधु आंबाही तिथलाच, अगदी पातळ कोयीचा. बाबांनी कलमं आणून लावलेली, आता काकी बघते. पण बियांना भाव मिळत नाही. कारखानदार आफ्रिकेतून बिया आणतात, स्वस्त पडतात. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण काकीला ते सांगितलं तर ती म्हणते, मानांकन व्यापाऱ्याला दाखव. म्हणून मी ठरवलंय, यंदापासून आपल्या गल्लीत जेवढे काजू लागतील ते सगळे तिच्याकडून आणायचे, बाजारभावानं, रोख. समोरच्या आजी पण हो म्हणाल्या. तुम्ही किलोभर तरी लिहा तुमच्या नावावर. दिवाळीत तुम्ही त्या चकचकीत पाकिटातले घेता, त्याच्यापेक्षा स्वस्त पडतील.

सह्या? हो, ती पण एक भानगड. चुलतभाऊ कागद घेऊन आला होता निघताना. मी म्हटलं, काकी आहे तोवर माझी सही मिळणार नाही. तो म्हणाला, ताई, तुझा काय संबंध, तू तर बेळगावात. बरोबर आहे त्याचं. माझा संबंध नाही, म्हणूनच जिचा आहे तिला विचार, असं म्हटलं आणि गाडीत बसले. आता महिनाभर तरी त्याचा फोन येणार नाही, बरं झालं.

तर, फेब्रुवारीच्या शेवटी ओले काजू सुरू होतात. एकदा ओल्या काजूची उसळ खाल्लीत की तुम्ही मला दुवा द्याल. काकीनं मुद्दाम सांगितलंय, "तुझ्या शेजारणीक घेवन ये." गाडी तुमची, पेट्रोल आमचं. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्री परत. तुमच्या ह्यांना आज जेवतानाच विचारून ठेवा, आणि काकीकडे एसी नाही, न्हाणीघर मागच्या दाराला आहे, तेही आत्ताच सांगा.